मागच्या दारची टाकी

बाबा, तुझ्या टाकीबद्दल लिहायला बसलेय. टाकी आता नाही, घर नाही, खारी गावातली आपली वाडीही नाही. तिथे एका इमारतीच्या गाड्या उभ्या राहतात. तू जाऊन इतकी वर्षं झाली, तरी तुझ्यावर चिडायचं माझं राहिलेलंच आहे. माणसाने हट्टी असावं, पण इतकं?

विहीर कशी बिघडली ते तुला सांगायला नको. चारी बाजूंनी इमारती उठल्या, प्रत्येकीने जमिनीत बोअर मारली आणि बघता बघता आपलं पाणी खारट झालं. नळ गावापर्यंत पोचलेला नव्हता. प्यायला टँकर, आणि टँकर आला की आईची नि शेजारणींची जुंपायची. तुझा धाकटा भाऊ, आमचा काका, एकदा जेवताना म्हणाला, "दादा, बिल्डर दारात हाय तवर देऊन टाकू. पान्याबिगर जागा काय चाटायची?" तू ताटावरून उठलास. "कौलांवरचा पानी धरतो. एक पावसाल्याची मुदत दे मना. टाकीचा पानी उन्हाला सरेपर्यंत पुरला तर जागा न्हाय विकायची. न्हाय पुरला तर तू बोलशील तसा." आई पदर तोंडाला लावून रडायला लागली. एका वाक्यात तू आमचं घर पणाला लावलंस.

मग तू कौलांच्या कडेला पन्हाळ्या ठोकतोस, मागच्या दारी खड्डा खणतोस. रेती विकत कशाला आणायची? तू जन्मभर घोडबंदरच्या खाडीत होडीवरून बुडी मारून रेती काढणारा. आपली रीत अशी, की खाडीची रेती बांधकामाला घ्यायची तर आधी विहिरीवर खळखळून धुवायची, मीठ निघून जाईपर्यंत. आजोबांनी धुतली तशीच तू धुतलीस, आपल्याच विहिरीच्या पाण्याने. बादल्या मीच ओढून देत होते. ती विहीर आता स्वतःच खारी झालीय, हे ना तुझ्या डोक्यात आलं ना माझ्या. आलं असतं तरी काय केलं असतं म्हणा! आपल्याला प्यायला घोटभर मिळत नव्हतं, रेतीला गोडं पाणी कुठून आणणार होतो?

पावसात टाकी काठोकाठ भरली. गणपतीला आलेल्या प्रत्येकाला तू तेच पाणी पाजलंस, काकाला तर बळेबळेच. पण दिवाळी सरली, पाणी खाली गेलं आणि गिलाव्याचे पोपडे सुटले. मिठाच्या रेतीचा गिलावा तो, टिकणार किती? भेगा पडल्या आणि उधाणाच्या भरतीला जमिनीतलं खारं पाणी आत झिरपायला लागलं. खाडीचं पाणी तोंडात जाऊन जाऊन तुझ्या जिभेची चव कधीच गेली होती, म्हणून रोज संध्याकाळी माझ्यापुढे तांब्या धरायचास. "सांग पोरी, गोड हाय ना?" "खारं हाय, बाबा." "नीट चाख!" एकदा असा ओरडलास की तांब्या माझ्या हातातून पडला. शेवटी आईने त्या पाण्यात तुरीची डाळ चढवली. खाऱ्या पाण्यात डाळ शिजत नाही, हे घरातल्या पोरासोरांनाही ठाऊक. तू चुलीपुढे बसलायस, लाकडं आत सारतोयस. आई म्हणते, "ऱ्हाऊ दे आता." तू पळीने दाणा काढून बोटांत दाबतोस. टणक. पुन्हा काढतोस, पुन्हा दाबतोस. "अजून जरासा," म्हणतोस. मला त्या डाळीच्या पाया पडावंसं वाटत होतं.

उन्हाळ्यात जागा गेली. इंद्रलोक वसाहतीच्या बाजूला फ्लॅट मिळाला, त्यात नळही होता, पण तू तिथे पाहुण्यासारखा राहिलास. कुणी विचारलं की एकच सांगायचास, "मी रेतीवाला, मनाच रेतीनं बुडवला." तेच म्हणत म्हणत तू गेलास.

गेल्या पावसाळ्यात आमच्या गेटबाहेर कुणाच्या तरी बांधकामाची रेती पडून होती. पावसाने ती धुऊन निघत होती, रोज, फुकट. मी छत्री घेऊन तिथेच उभी राहिले. तू तुझ्या रेतीचा ढीग एक पावसाळा नुसता उघड्यावर टाकला असतास आणि टाकी पुढच्या वर्षी बांधली असतीस, तर! पण तुझ्याकडे होताच एक पावसाळा. काका आता अंथरुणाला खिळलाय. भेटायला गेले तेव्हा त्याला हे सांगितलं. काका म्हणाला, "त्यानं एक मागितला, मी एक दिला. दोन मागितले असते तर दोन दिले असते गं. मना कुठं घाई होती?"

बाबा, हे पत्र मी तुझ्या फोटोपुढेही ठेवणार नाही. फाडून टाकणार आहे. मेलेल्या माणसालाही हे सांगवत नाही मला.