कोल्ह्याच्या पिल्लाची रिकामी जागा

३ मार्च, सकाळी ७
डॉक्टरांनी काल बीपी तपासलं. कोणावर एवढे चिडता, असं विचारत होते. कोणावरही नाही, म्हणालो. ते हसले, म्हणून जरा आवाज चढवावा लागला. आजपासून चिडणं बंद.

ही जाऊन तीन महिने झाले. हिचा पोस्टाच्या तिकिटांचा अल्बम देऊन टाकायचा म्हणून उघडला. आठवड्यात चौथ्यांदा. त्यात ‘रानातली पिल्लं’ हा आठ तिकिटांचा संच आहे. गवतात दडलेलं पाडस, झाडावर अस्वलाचं पिल्लू, खडकावर पाणमांजराचं, चिखलात रानडुकराचं पट्टेरी. सगळी कोरी, एकही न वापरलेलं. प्रत्येकाखाली हिने पेन्सिलीने एक ओळ लिहिली आहे. पाडसाखाली: ‘घाबरलेलं नाही, ऐकतंय.’

२८ तारखेला वाचनालयात तिकिटांचं प्रदर्शन आहे. तिथे हा संच लावू का, असं हिने दोनदा विचारलं होतं. पुढच्या वर्षी बघू, म्हणालो होतो. आता हिच्या नावाने लावणार. भावनेचा प्रश्न नाही. अर्धवट राहिलेलं काम मला खपत नाही.

३ मार्च, सकाळी ८
सातवं तिकीट जागेवर नाही. कोल्ह्याचं पिल्लू. रिकाम्या जागेखाली हिची ओळ: ‘कामाला गेलंय.’ शेवटी शेवटी औषधांमुळे काहीही लिहायची. सरळ सरळ चोरी आहे.

४ मार्च
चोर सापडला. मेहुणी. हिची धाकटी बहीण. तेव्हा दहा दिवस इथे होती, सगळी कपाटं तिनेच आवरली. फोन करून शांतपणे विचारलं. शेजाऱ्यांनी दार उघडून पाहिलं, ती त्यांची सवय आहे. मेहुणी उलट विचारते, भाऊजी, जेवलात का? मूळ प्रश्नाला बगल. आणखी काय पुरावा हवा?

७ मार्च
काल मेहुणीला तीन पानी पत्र पाठवलं. रजिस्टर्ड. ती दर रविवारी फोन करते. यापुढे उचलायचा नाही. तसा दुसरा कोणाचा फोन येतही नाही, म्हणजे एकदाच मन घट्ट केलं की झालं.

१० मार्च
जुनी तिकिटं विकणाऱ्याकडे गेलो. त्याच्या अल्बमला बोट लावलं तर माझ्या हातावर तिकिटं उचलायच्या चिमट्याने टकटक केली. हात धुऊन या म्हणाला. या वयात मला! त्याच्याकडे कोल्हा होता, पण वापरलेला. पिल्लाच्या अख्ख्या तोंडावर पोस्टाचा काळा शिक्का. तरी घेतला. चिडलो नाही. दार जोरात लागलं ते वाऱ्याने.

१२ मार्च
प्रदर्शनाच्या सेक्रेटरी म्हणजे चित्रकलेच्या निवृत्त बाई. त्यांनी ऐकवलं की संच एक तर पूर्ण कोरा हवा, नाही तर पूर्ण वापरलेला. सात कोरी आणि एक शिक्क्याचं, असलं चालणार नाही. नियम कोणी केला म्हणून विचारलं. त्यांनीच केला होता.

घरी येताना उपाय सुचला. एक तिकीट कोरं करता येत नाही, पण सात वापरलेली करता येतात. इतकी साधी गोष्ट त्या बाईंना सुचू नये याचं नवल वाटतं.

१३ मार्च
सुट्या तिकिटांवर शिक्का मारणार नाही, असं पोस्टातला क्लार्क आनंदाने म्हणाला. पाकिटावर चिकटवून टपालात टाकावी लागतात. ठीक. सात पाकिटं घेतली, तिथेच बाकावर बसून सातही पिल्लं जिभेने ओली करून चिकटवली. पत्ता आपल्याच घराचा. पहिल्या पाकिटावर सवयीने हिचं नाव पडलं. मग एकसारखं दिसावं म्हणून सातांवर तेच. पाठीमागे पाठवणारा म्हणून माझं नाव. सगळं रीतसर.

रिकामी पाकिटं बरी दिसत नाहीत, म्हणून आत एकेक कागद. सहा कोरे. सातव्यावर लिहिलं, ‘तुझा चष्मा सापडला. फ्रिजवर होता.’ उगाच, काहीतरी असावं म्हणून.

१७ मार्च
पाकिटं आली. सातही. पोस्टमनने प्रत्येकावर निळ्या बॉलपेनने आडवं लिहिलं आहे: ‘मयत. परत.’

पाडसाच्या डोळ्यांवरून. अस्वलाच्या पिल्लावरून. पट्ट्यापट्ट्यांवरून. सात वेळा. पाकिटावर एवढी जागा होती. याला सोडणार नाही.

१८ मार्च, दुपारी
मोठ्या पोस्टात तक्रार विभागात गेलो. तिथल्या अधिकाऱ्याने नाव ऐकलं आणि खुर्ची पुढे केली. तुम्ही तर आमचे जुने, म्हणाला. माझ्या अकरा तक्रारींची फाइल काढली. प्रत्येकीला तिचं पाकीट टाचलेलं.

गेल्या वर्षीची तक्रार, टपाल उशिरा येतं ही. त्या पाकिटावर बिळाच्या तोंडाशी बसलेलं कोल्ह्याचं पिल्लू. शिक्का बाजूला पडलेला, तोंड स्वच्छ. अक्षर माझं.

मागितलं. रेकॉर्ड आहे, देता येणार नाही म्हणाला. वाद घातला नाही. पोस्टमनचं बोलायचं राहूनच गेलं.

१८ मार्च, संध्याकाळी
आठवलं. त्या दिवशी घरात तिकीट नव्हतं. ही बाजारात गेली होती. कपाटात एक वही दिसली, तिच्यात आयतीच तिकिटं. मला घाई होती. ही आल्यावर मी बजावलंसुद्धा, तिकिटं संपत आली आहेत, आणून ठेव. बरं म्हणाली.

२२ मार्च
मेहुणीकडे गेलो. दारातच सगळं सांगून टाकलं. तिने खुर्ची दिली. म्हणाली, “ताईनं मला तेव्हाच सांगितलं होतं, भाऊजी. आणि शपथ घातली होती, त्यांना कळू देऊ नकोस म्हणून. तक्रार लिहायला बसले की दिवसभर खुशीत असतात, म्हणायची.”

मग तीन पानी पत्र मिळूनही तू गप्प कशी बसलीस, असं विचारलं. शपथ होती ना, म्हणाली. वर, दुसऱ्या पानावर शब्द फारच कडक होते, असंही म्हणाली.

२८ मार्च
आज प्रदर्शन. गेलो नाही. बॉलपेनवाली पिल्लं बाईंच्या कुठल्याच नियमात बसत नाहीत. दुकानातला कोल्हा सातव्या जागी ठेवून पाहिला. काढला. हिने खाली लिहिलंय तेच खरं आहे.

रविवार असल्याने मेहुणीचा फोन आला. जेवलात का? हो म्हणालो. मग उठून काहीतरी शिजवलं.

पोस्टमनविरुद्ध तक्रार लिहून तयार आहे. चार पानं, मुद्देसूद. सकाळपासून पाकीट टेबलावर पडून आहे. घरात तिकीट नाही.