टर्बोचा खोका उघडू नकोस

दादा,

टर्बोचा खोका इतक्यात उघडू नकोस. गाडी मी नेतेय, बाबा शेजारी बसतील.

इंजिनाचा जोर वाढवायला तू निवडलास तो छोटा टर्बो बरोबरच आहे. मोठ्याचा जोर आपल्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला झेपला नसता. पण बसवण्याआधी गिअरबॉक्सचं तेल पांढऱ्या कागदावर टाकून बघितलं, तर चक्क करपलेलं! इतक्या कमी वापरात तेल का जळावं, हे डोक्यातून जाईना. पुढच्या चाकाजवळ हात नेला, तर चटका बसला. म्हणजे ब्रेक सतत घासत होता, आणि त्याच्याविरुद्ध जोर लावून गिअरबॉक्स तापत होता. मेकॅनिककाका म्हणाले, "ब्रेक ठणठणीत आहेत गं. चालवणाऱ्याला विचार."

म्हणून आज सकाळी बाबांबरोबर दूध आणायला गेले आणि रस्ता सोडून त्यांचे पाय बघत बसले. उजवा ॲक्सिलरेटरवर, आणि डावा सारखा ब्रेकवर! चढावर गाडी धापा टाकते ती यामुळे, इंजिनामुळे नाही. विचारलं तर म्हणाले, "उजव्या पायाला हल्ली नीट कळत नाही. ब्रेक दाबला की नाही, शंका येते. दादाला बोलू नकोस, किती हौसेने इंजिनाच्या मागे लागलाय!"

आम्ही डॉक्टरांकडे चाललोय, तूही तिकडेच ये. बाबांना ओरडू नकोस. परतताना गाडी तू चालव, पण त्यांना पुढेच बसव.

मघाशी किल्ली मागितली, तर बाबांनी वाद न घालता हातात ठेवली रे. मला त्याचीच भीती वाटतेय.

धाकटी