आप्पांचं न घातलेलं घड्याळ

कोल्हापूर, ३१ मे २००३

आप्पा आज फौंड्रीतून रिटायर झाले. हार, नारळ, शाल सगळं झालं, पण माझ्या डोक्यात ते घड्याळच बसलंय.

पाच वर्षांपूर्वी मी दोन सारखी स्पोर्ट्‌स घड्याळं घेतली, एक मला, एक आप्पांना. भट्टीजवळच्या कामाला असलंच दणकट पाहिजे, म्हणून. मी शाळेत खेळ शिकवते. माझं मैदानावर आपटलं, पोहताना भिजलं, काचेवर ओरखडेच ओरखडे; तरी चालतंय. आप्पांनी त्यांचं कपाटात ठेवलं. "फौंड्रीत खराब हुईल. रिटायर झालो की घालतो." काचेवरची प्लॅस्टिकची झिल्लीसुद्धा काढली नाही.

आज सकाळी समारंभासाठी बाहेर काढलं तर बंद. घड्याळवाल्यानं उघडून दाखवलं. सेल आतल्या आत गळून सगळं खाऊन टाकलेलं. म्हणाला, "ताई, हातात असतं तर बंद पडल्या पडल्या कळलं असतं. सेल बदलला असता. टिकलं असतं की."

पाच वर्षांत मी तरी एकदा विचारलं का? सुट्टीत घरी यायची, त्यांचं रिकामं मनगट दिसायचं. घाला म्हणून हट्ट का नाही धरला?

संध्याकाळी माझंच काढून त्यांच्या हातात दिलं. त्यांनी उलटंसुलटं बघितलं आणि परत केलं. "तुझं चालू हाय, तुला लागंल. मला आता टायमात कुठं जायाचं हाय?"

मग त्यांचं बंद घड्याळ धोतराच्या सोग्यानं पुसलं आणि खोक्यात ठेवलं. झिल्ली तशीच.