मोरीत ओतलेला चीक

आई, काल तुझ्या नातीला मुलगा झाला. तासाभरात सिस्टरने बाळ तिच्या छातीशी लावलं आणि ते पहिलं पिवळट, घट्ट दूध, आपण ज्याला चीक म्हणतो, ते त्याने मिटक्या मारत प्यायलं. तेव्हापासून तू डोळ्यांसमोरून हलत नाहीस.

ही नात झाली चौऱ्याऐंशी साली. दुसऱ्याच दिवशी तू मला मुलुंडच्या आपल्या खोलीवर आणलंस, माझा चीक वाटीत पिळायला लावलास आणि मोरीत ओतलास. "पयलो चीक जड असता, पोराक सोसणा नाय," म्हणालीस आणि कापसाच्या बोळ्याने तिला गूळपाणी दिलंस. गावच्या गाईच्या चिकाचा खरवस शेजारणींना हात आखडून एकेकच वडी देणारी बाई तू! पण तेव्हा मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. चौथ्या दिवशी छाती दगडासारखी झाली. बाळाला नीट धरता येईना, स्तनाग्रांना भेगा पडल्या. ती तोंड लावायची आणि मी ओरडायचे. मग ह्यांनी पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली आणली. डबा जास्त दिवस पुरावा म्हणून मी दूध पातळ कालवायचे.

पंधरा दिवसांनी वजन केलं, तर जन्माच्या वेळेपेक्षाही कमी भरलं. दवाखान्यातली सिस्टर माझ्याहून लहान, पण तिने तुला सगळ्यांदेखत झापलं. "आजी, पहिलं दूधच तर खरं ना? ते फेकलंत आणि वर बाटली? ती आधी बंद करा." मला म्हणाली, "नुसतं टोक नको देऊ गं, भोवतीचा काळा भागही तोंडात जाऊ दे. जितकं ओढेल तितकं येईल." मला वाटलं, आता तू तिला फाडून खाणार. तू पुढे सरकून बाळ कसं धरायचं ते तिच्याकडून बघून घेतलंस.

घरी आल्यावर तू माझ्या पाठीशी उशी लावायचीस, गरम फडक्याने शेकायचीस, पिळून काढलेलं दूध बाळाला वाटी-चमच्याने पाजायचीस, तिला पुन्हा पुन्हा छातीशी धरायला लावायचीस. आठवडा झाला तरी ती दोन घोट ओढायची आणि तोंड फिरवायची. काळजीने तू अर्धी झालीस. येईल त्या बाईला सांगायचीस, "मियाच घालवलंय गे चेडवाचा दूध. आमका कोणी सांगलाच नाय."

मग एका सकाळी ती चांगली पोटभर प्यायली आणि तिथेच झोपली. तू देवाच्या फोटोपुढे हात जोडलेस. "माफ केल्यान गे माका," म्हणालीस. मी मान खाली घालून बसले.

हे पत्र कुठे जायचं नाही, म्हणूनच लिहायचं धाडस होतंय. चीक गेला तो गेला, पण त्या आठवड्यात ती तोंड फिरवायची ते तुझ्यामुळे नव्हे. दुपारी पाणी आलं की तू नळावर जायचीस, आणि मी भेगांच्या भीतीने तिला गुपचूप बाटली द्यायचे. तू देवापुढे हात जोडलेस, त्याच्या आदल्या दिवशी डबा संपला होता. इतकंच.