कुंपणापासून वीस पावलं

भोईवाडा, परळ
ता. २४ फेब्रुवारी १९५८

ती. स्व. धोंडूकाका यांस,

पुतण्या गुणाजी याचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सर्व खुशाल. तुमचा दमा कसा आहे, काकीचा गुडघा कसा आहे, गाय व्याली की नाही, हे सगळं या पत्रात सविस्तर विचारायचं होतं. पण मी सध्या इतका संतापलेलो आहे की प्रेमाने चौकशी करणं जमत नाही. तरी सगळं विचारलं असं समजून उत्तर पाठवावं. माझ्या माडांचे दोन गोणी नारळ आपल्या वाडीतल्या बुधाजीच्या हाती पोचले. नारळ गोड आहेत. (राग नारळांवर नाही.)

राग आहे तो तुमच्या सोळा जानेवारीच्या पत्रावर. मी तुम्हाला डिसेंबरात अत्यंत नम्रपणे लिहिलं होतं की आमच्या नकाशांच्या ऑफिसात विमानातून काढलेले फोटो आले आहेत, त्यांत आपली वाडी आहे, आणि नदी आपली दरड खात खात घराकडे येते आहे, तेव्हा पावसाळ्याआधी काहीतरी विचार करावा. त्यावर तुम्ही सहा पानं लिहिलीत. त्यातली साडेपाच पानं संयुक्त महाराष्ट्रावर. बेळगाव-कारवारची एक इंच जमीन सोडणार नाही, मुंबई तर नाहीच नाही, तुम्ही समितीचा झेंडा घेऊन दम्यासकट तालुक्यापर्यंत चालत गेलात, सभेत पुढे बसलात, हे वाचून अभिमान वाटला. (इथल्या सभांना मीही जातो. घसा अजून बसलेला आहे, म्हणून तर ओरडून सांगायचं ते लिहून सांगतो आहे.) उरलेल्या अर्ध्या पानात नदी. "न्हय आसा थंयच आसा. कुंपणापासून वीस पावलां. माझ्या बापाशीच्या येळार वीस, आजय वीस. इमानातसून काय दिसतला? तू माका शिकव नको." काका, एक इंच न सोडणारा माणूस नदीला दरसाल किती देतो ते आता ऐका. मी ते मोजलं आहे, आणि मोजताना माझी जी अब्रू गेली तिला तुम्ही जबाबदार आहात.

विमानातून काय दिसतं ते आधी सांगतो. चाळीत ही बातमी फुटली तेव्हा सगळ्यांना वाटलं की रशियाने ती कुत्री आकाशात सोडली, तिनेच हे फोटो काढले. दोन दिवस माणसं मला कुत्रीची खुशाली विचारत होती. तसं नाही. विमान सरळ रेषेत उडतं, कॅमेरा खाली तोंड करून एकामागून एक फोटो काढतो, आणि शेजारशेजारचे दोन फोटो दोन भिंगांच्या यंत्राखाली ठेवून पाहिले की डोंगर वर उठतो, दरी खाली जाते, देवळाचा कळस डोळ्यांत घुसेल असं वाटतं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आपलं घर तांदळाच्या कणीएवढं होतं. त्या कणीला छप्पर होतं, शेजारी विहीर होती. मला ऑफिसात हुंदका आला, आणि तो खोकल्यात लपवावा लागला. (तुम्ही हे गावात सांगू नये.) उद्या कुणी खरंच त्या उपग्रहाला कॅमेरा बांधला तर तुमचं कुंपण साऱ्या जगाला दिसेल, एवढं ध्यानात ठेवा.

आता कुंपण. जुना नकाशा एकोणीसशे सव्वीसच्या मोजणीचा, फोटो छप्पनच्या जानेवारीतला. दोन्ही एका मापाला आणायचे, एकावर एक ठेवायचे, आणि नदीचा काठ तेव्हा कुठे होता नि आता कुठे आहे ते पाहायचं, एवढंच काम. पण त्यासाठी तीस वर्षांत जागचं हललेलं नाही असं काहीतरी दोन्हींत सापडायला लागतं. तिथे टाचणी टोचायची आणि बाकी सगळं त्यावरून जुळवायचं. आमचे हेड ड्राफ्ट्समन मनमोहनराव (ठाकूरद्वारचे, पिढ्यान्‌पिढ्या मुंबईकर, आवाज चढवणं त्यांच्या घराण्यात कुणाला माहीत नाही) यांनी मला साडेपाचनंतर अर्धा तास थांबायची परवानगी दिली होती. समोर देऊळ होतं, विहीर होती, वरचा कातळाचा सडा होता. मी यांतलं काय निवडलं? मी कुंपण निवडलं. कारण जन्मापासून मी एकच ऐकत आलो आहे, की आजोबांनी घातलेलं कुंपण धोंडूकाकाने तसूभर हलू दिलेलं नाही. देव हलेल, पण कुंपण हलणार नाही, असा माझा विश्वास होता.

आणि देव हलला. कुंपणावर कुंपण ठेवून टाचणी मारली तेव्हा नदी होती तिथेच राहिली (तुम्हाला आनंद झाला असेल), पण देऊळ, विहीर आणि आपलं घर ही तिन्ही मिळून जवळजवळ तीनशे फूट नदीकडे आंघोळीला निघालेली दिसली. मी काय केलं असेल? टाचणी तपासली असेल? नाही. मी चार पानांचं टिपण लिहिलं, की सव्वीस सालचा मोजणीदार दारू पिऊन मोजत असला पाहिजे. ते टिपण मी स्वतःच्या सहीने मनमोहनरावांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी ते शेवटपर्यंत वाचलं, चष्मा पुसला आणि हळूच म्हणाले, "परब, देवळं चालत नाहीत. विहिरी तर नाहीतच. ज्यावर तुमचा फार विश्वास आहे, ते एकदा तपासून बघा." सगळं सेक्शन ऐकत होतं. दुसऱ्या दिवसापासून मी आलो की कुणीतरी विचारतं, परब, आज देव कुठवर पोचले. हे महिनाभर चाललं आहे आणि अजून थांबलेलं नाही.

मग मी काकीला कार्ड टाकलं. (तुम्हाला नाही. तुम्ही पुन्हा साडेपाच पानं लिहिली असतीत.) काकीने पोस्टमनला ओट्यावर बसवून उत्तर लिहवून घेतलं, चार ओळींचं. तुमची सहा पानं एका बाजूला आणि त्या चार ओळी एका बाजूला. "कुंपाण दर दिवाळीक मागे घेतंत. एक टोक मी धरतंय. न्हाणीपासून दरडीपर्यंत औंदा दोन लुगडी. गेल्या सालाक तीन, त्याच्या आदल्या सालाक चार." काका, ती बाई परसात लुगडी वाळत घालता घालता नदी मोजत होती, आणि आमचं सरकार त्यासाठी विमान उडवत होतं. लुगडं नऊवारी, म्हणजे सत्तावीस फूट. फोटोच्या आधीच्या दिवाळीला चार लुगडी, म्हणजे एकशे आठ. मी देवळावर टाचणी टोचून फोटोवर पुन्हा मोजलं. न्हाणीपासून काठ एकशे आठ फूट. एका फुटाचाही फरक नाही. हे मी मनमोहनरावांना सांगितलं, तेव्हा ते खुर्चीवरून उठून उभे राहिले आणि म्हणाले, "या बाईंना माझा नमस्कार कळवा." तो कळवावा.

म्हणजे तुम्ही दर दिवाळीला कुंपण उपटायचं, नदीपासून वीस पावलं मोजून पुन्हा रोवायचं, आणि मग त्याच्यापाशी उभं राहून छातीवर हात ठेवून सांगायचं, की नदी वीसच पावलांवर आहे! आणि मी मूर्ख त्याच्यावर टाचणी मारतो! सव्वीस साली घरापासून नदी चारशे फूट लांब होती. मध्ये परसाकडे, काठाला, माझ्या बाबांच्या वाटणीचे माड. अंगणापुढे तुमच्या वाटणीचे. आपण नदीच्या वळणाच्या बाहेरच्या अंगाला आहोत, पाणी तिथेच येऊन धडकतं आणि खालून माती काढतं, मग वरची दरड एके दिवशी खचून बसते. आणि इकडून नेलेली माती नदी वळणाच्या आतल्या अंगाला नेऊन टाकते, म्हणून समोरच्या शामरावांच्या दारात वाळू वाढते आहे. त्यांनी काही चेटूक केलेलं नाही, त्यांना शिव्या देणं बंद करा. आधी नदी वर्षाला दहा फूट यायची, आता एका पावसाळ्यात एक लुगडं. आज उरलं चौपन्न फूट. त्यात तुमची वीस पावलं म्हणजे पन्नास. म्हणजे कुंपण आणि न्हाणी यांच्यामध्ये आता चार फूट. मला एवढंच सांगा, येत्या दिवाळीला कुंपण कुठे रोवणार? चुलीत?

हे सगळं तुम्हाला डोळ्यांनी दिसावं म्हणून मी तीन संध्याकाळी बसून ट्रेसिंगच्या कापडावर शाईने नदी काढली. सव्वीसचा काठ, छप्पनचा काठ आणि काकीच्या लुगड्यांवरून आजचा काठ, तिन्ही एकाखाली एक, आणि सगळ्यांच्या वर घराचा चौकोन. फोटोवर 'ऑफिसाबाहेर नेऊ नये' असा शिक्का आहे. माझ्या रेघांवर नव्हता, त्यामुळे मनमोहनरावांनी खिडकीबाहेर पाहिलं आणि मी कापड घरी आणलं. इथे माझी चूक झाली. नकाशे गिरवणाऱ्या आम्हा ट्रेसरांच्या घरी खराब झालेलं कापड नेहमीच येतं. बायका ते सोड्याच्या पाण्यात उकळतात, खळ निघून जाते आणि आत मलमलीसारखं मऊ कापड निघतं. आमच्या घरचे सगळे रुमाल असेच आलेले आहेत. मी ऑफिसातून परत येईपर्यंत लक्ष्मीने नदी उकळली, वाळवली आणि आमच्या सहा महिन्यांच्या चिरंजीवांना तिचं झबलं शिवलं.

मी ओरडलो. खालच्या मजल्यावरून माणसं वर आली, इतका ओरडलो. लक्ष्मी म्हणाली, "तुमी दर खेपेक हाडतास तसलोच तुकडो. माका काय म्हायत, त्येच्यात न्हय आसा म्हणान?" पण शाई चांगली होती. पोटावर तिन्ही काठ अजून पुसट दिसतात, आणि घराचा चौकोन बरोबर बेंबीवर आला आहे. चिरंजीवांनी झबलं अंगात जाताच नदीला पूर आणला, आणि लक्ष्मी हसायला लागली. मी हसलो नाही. मला त्या ओल्या कापडावर चौकोन आणि शेवटचा काठ यांच्यातली जागा दिसत होती. करंगळीएवढीसुद्धा नव्हती. काका, मला भीती वाटते. संतापाचं सोंग किती वेळ आणू? दरड अशी सांगून बसत नाही. तुम्ही दोघं तिथे झोपता.

तुम्ही म्हणाल, बापजाद्यांची जागा सोडून कुठे जाऊ. कुठेही जाऊ नका. वर सड्याकडची जागा तुमचीच आहे, दिवाळीनंतर तिथे घर बांधू, मी रजा काढून येईन आणि स्वतः चिरे उचलीन. पण येत्या पावसात त्या घरात राहायचं नाही. हे मी विचारत नाही, सांगतो आहे. तुम्हाला माझ्या कानाखाली द्यायची असेल तर समोर आल्यावर द्यावी.

काकीला नमस्कार, गाईच्या पाठीवरून हात, आणि त्या कुंपणाला माझी एक लाथ.

तुमचा,
गुणाजी

ता. क. झबलं बुधाजीच्या हाती पाठवत आहे, तो शिमग्याला येतो आहे. गळ्याची बाजू डोंगराकडे धरावी. पाहून झाल्यावर परत पाठवावं, इथे झबली कमी आहेत.

ता. क. दुसरा. तुम्ही चूक कबूल करावी असा माझा हट्ट नाही. तुम्ही करणार नाही हे ठाऊक आहे. गावात सांगा, की मुंबईत समितीच्या सभा ऐकायला चार महिने चाललो. झेंडा आणलात तरी चालेल. गाय बुधाजीच्या भावाकडे राहील, मी बुधाजीशी बोललो आहे. मे महिन्यात बोटी बंद व्हायच्या आत दोघांनी निघावं. लक्ष्मीने खोलीतली जागा काकीच्या पद्धतीने मोजली आहे. खिडकीपासून दारापर्यंत अर्धं लुगडं भरतं, त्यात तुम्हा दोघांची अंथरुणं बसतात.

ता. क. तिसरा. हे लिहायचं नव्हतं. फोटोत माड मोजता येतात, यंत्राखाली प्रत्येकाचा शेंडा वेगळा दिसतो. अंगणापुढचे तुमचे अकरा माड आहेत. परसाकडचे बाबांच्या वाटणीचे चौदा माड होते, तिथे पाणी आहे. एकही उरलेला नाही. फोटो छप्पनच्या जानेवारीतला, आणि त्यानंतर तीन वेळा मला माझ्या माडांचे म्हणून दोन-दोन गोणी नारळ पोचले. यंदा माझ्या माडांचे नारळ पाठवू नका. तुमच्या माडांचे घेऊन या.