काळ्या कार्डावरची ओळ

मॅरेन,

कॉलेज सोडल्यापासून मी डुलुथला ग्रेटा आत्याच्या दुकानात हाताने शुभेच्छापत्रं बनवतोय. हसायचं असेल तर हस.

शनिवारी तू अलास्काला निघतेस असं कळलं, म्हणून तुझ्यासाठी काळ्या कागदावर चमकत्या सोनेरी जेल पेनने लिहायला बसलो. पाच कार्डं वाया घालवली. माझा हात किती जड आहे ते तुला माहीत आहे. दाबलं की पेनाचं टोक कागदात रुततं, सोनं येतच नाही, नुसता चरा उमटतो.

आत्या म्हणाली, "प्रेमात पडलायस की भांडायला निघालायस?"

"दोन्ही."

"मग आधी हात सैल सोड, बाळा. ही शाई आपणहून येते, तिच्यावर जबरदस्ती चालत नाही."

माझ्याबरोबर कॉलेज सोडायला तू नाही म्हणालीस आणि मी भर कॅन्टीनमध्ये तुला भित्री म्हणालो. त्या दिवशी बाबांशी वाजलं होतं, त्यात तुझ्या मैत्रिणी फिदीफिदी हसत होत्या, शिवाय तू आधी... बघ, कारणं द्यायला लागलो की पुन्हा हात दाबला जातो. या साध्या बॉलपेनने कागद फाटायला आलाय.

सहाव्या कार्डावर एकच ओळ नीट उतरली: 'चूक माझी होती.' ती ओली होती. आत्या दहा मिनिटं कार्ड मिटू देईना, म्हणून तेवढ्यात हे पत्र वेगळ्या कागदावर लिहिलं. आता ओळ वाळली आहे. टपालात फक्त कार्ड टाकतो. कारणं माझ्याकडेच राहू देत.

तुझा, असं लिहायची हिंमत न झालेला,
एमेट