तू आत्ता कुठे आहेस?

२९ ऑक्टोबर
पोहोचलो. घाटात गाडीचा हीटर मेला, तरी गातच आलो. मासेमारीला येणाऱ्यांसाठी तळ्याकाठी बांधलेल्या लाकडी खोल्या, हिवाळाभर बंद. नळ गोठू द्यायचे नाहीत, छपरावरचा बर्फ ओढायचा, एवढीच राखण. मालक हार्लन किल्ल्या देताना म्हणाला, पोरा, इथे अस्वलंसुद्धा कंटाळून झोपतात, तू काय करशील? मी म्हटलं, त्यांना उठवीन. हसला नाही म्हातारा. त्याच्या बायकोने रानबेरीचा जॅम दिलाय. अर्धी बरणी उभ्याउभ्याच चमच्याने संपवली. भिंतीवर एल्क हरणाचं मुंडकं आहे. त्याला माझी टोपी घातली, शोभते.

१ नोव्हेंबर
मंगळवार, म्हणजे लोरीन. माझी समुपदेशक. दर मंगळवारी दुपारी लॅपटॉपवर भेटते. मागल्या वर्षी मी पुलाच्या कठड्यावर चढलो होतो हे जगात फक्त तिला ठाऊक आहे. ही रोजनिशीसुद्धा तिचाच हुकूम. बोलणं सुरू करण्याआधी तिचे दोन प्रश्न ठरलेले: कॉल्बी, तू आत्ता कुठे आहेस? आणि खोलीत एकटाच आहेस ना? काही बरंवाईट झालंच तर मदत कुठे धाडायची, आणि दुसरं कुणी ऐकत तर नाही ना, म्हणून. पण तिचा समुपदेशनाचा परवाना आयडाहो राज्यापुरता, आणि मी हद्द ओलांडून मोंटानात आलेलो. खरं सांगितलं तर तिला मला दुसऱ्या कुणाच्या हवाली करावं लागेल. मला दुसरं कुणी नको. म्हणून जुनाच पत्ता सांगितला, लॉन्ड्रीच्या वरची खोली. मागच्या लाकडी भिंती बघून म्हणाली, नवीन सजावट केलीस वाटतं, छान आहे. मी हो म्हटलं. मग खिडकीतून कोल्हा दिसला, त्याच्या मागे तळ्यापर्यंत गेलो आणि सगळं विसरलो.

८ नोव्हेंबर
आज लोरीन निरोप घेताना म्हणाली, पाहुणा आला असेल तर सांगत जा, मी रागावणार नाही, वेळ बदलू. मी विचारलं, कसला पाहुणा? म्हणाली, मागे खुर्चीत बसलाय तो, मघापासून. वळून पाहिलं. खुर्ची, तिच्यावर माझा कोट. तिला उचलून दाखवला. हसली ती. जरा उशिराच हसली.

१५ नोव्हेंबर
सकाळीच खुर्ची बाहेर बर्फात ठेवली. कोट गाडीत.
लोरीन जेवणखाण, झोप असलं काहीबाही विचारत राहिली, अगदी साध्या आवाजात. आणि तेव्हाच खाली पडद्यावर तिने टाइप केलं: वळू नकोस. मोकळेपणी बोलता येत नसेल तर कानाला हात लाव. तो शेगडीपाशी उभा आहे.
पडद्याच्या कोपऱ्यात माझं छोटं चित्र दिसतं, त्यात पाहिलं. भिंत, शेगडी. कुणी नाही.
कानाला हात लावला नाही. लावला तर ती पोलिस धाडेल, तेही लॉन्ड्रीच्या पत्त्यावर. खोटं उघडं पडेल, मग ती मला सोडेल. पुढच्या वेळी सांगून टाकतो. नक्की.

१६ नोव्हेंबर
खुर्ची आत आहे. तिच्यावर कोट. बाहेर बर्फावर पाऊल उमटलेलं नाही, माझंसुद्धा नाही.

१९ नोव्हेंबर
रस्ता बंद. गाडी सुरू होत नाही. हार्लनला फोन केला, मला घेऊन जा म्हटलं. म्हणतो, बर्फ काढणारं यंत्र गुरुवारी येईल. वर विचारतो, आईला बोलावू का कुशीत घ्यायला? मग फोनच लागेना. छपरावरची इंटरनेटची छत्री तेवढी चालू आहे.
पाठ भिंतीला लावून बसतो. झोपतोही तसाच.

२२ नोव्हेंबर, दुपार
भिंतीला टेकूनच लॅपटॉप उघडला. मागे जागाच नाही. तरी आज माझ्या चित्रातही दिसला. ओला हात, माझ्या खांद्यावर —
कानाला हात लावला.
लोरीन म्हणाली, हलू नकोस, पोलिसांना कळवलंय. त्यांच्याशी दुसऱ्या फोनवर बोलतेय. लॉन्ड्रीपाशी आलेत. जिना चढतायत —
मी ओरडलो, तिथे नाही, मी खोटं बोललो. ओरडलो असं मला वाटलं. तोंडातून आलं ते लॉन्ड्रीचं नाव. शांतपणे. माझ्याच आवाजात.
पुन्हा. तेच.
दार उघडलं म्हणे त्यांनी. तिथे कुणी बाई राहते, तिची मुलं घाबरून रडतायत. लोरीनचा आवाज फाटलाय. कॉल्बी, तू आत्ता कुठे आहेस? खरं सांग राजा, मला फक्त खरं सांग —
टाइप करायला गेलो. बोटं तोच पत्ता टाइप करतात.
पेन अजून माझं ऐकतंय. लिहून वही कॅमेऱ्यासमोर धरतो. आता खांदा नाही, मनगट धरलंय. गार —

लोरीन, मी मोंटानात आहे. घाट उतरल्यावर डावीकडे तळं, उत्तरेच्या काठाला हार्लनच्या — लॉन्ड्रीच्या — नाही, हार्लनच्या खोल्या, तळ्याच्या — लॉन्ड्रीच्या वर, लोरीन. लॉन्ड्रीच्या वरच आहे मी. ठीक आहे. खोलीत एकटाच आ